घोडं कुठं पेंड खातं?

माझा आणि घोड्याचा प्रत्यक्ष संबंध आयुष्यात दोनदाच आला. पहिला लग्नात. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मला ज्या जनावरावर बसवून आणलं तो घोडा नसून घोडी होती, हे तीन वर्षांनी फोटो बघताना मेव्हण्यानं सांगितलं. त्या दिवशी मला कुणी उंटावर बसवलं असतं तरी कळलं नसतं. दुसरा संबंध गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माथेरानला आला. या लेखाचं खापर कुणावर फोडायचंच असेल, तर ते त्या दुसऱ्या घोड्यावर फोडावं.

माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. पुढं पायी चाला, नाहीतर घोडा करा. सौ. म्हणाली, घोडा करू. हे एकवचन नव्हतं, हे मला भाडं ठरवताना कळलं. तीन माणसं, तीन घोडे. सौ.च्या वाट्याला एक शांत तपकिरी घोडी आली, चिरंजीवांना एक ठिपक्यांचं तट्टू आलं आणि मला तूफान. तूफान हे त्याचं नाव. स्वभावाचा त्याच्याशी संबंध नव्हता. दहा पावलं चालून तूफान जो थांबला तो थांबलाच. घोडेवाल्यानं जिभेनं टक् टक् करून पाहिलं, लगाम ओढला, पुठ्ठ्यावर थाप मारली. मी मनातल्या मनात मारुतिस्तोत्र म्हटलं. काही उपयोग नाही.

"तुमची काय चूक नाही, साहेब," घोडेवाला म्हणाला. "घोडं एकटं चालत नसतं. बाईंची घोडी मागं राहिली न्हवं? ती पुढं जाऊ द्या, मग बघा."

बाईंची घोडी पुढं गेली. तूफाननं मान वर केली आणि तिच्या शेपटीवर नजर ठेवून असा चालू लागला, की संध्याकाळपर्यंत मला लगामाची गरज पडली नाही. ती थांबली की हा थांबे, ती वळली की हा वळे. माथेरानचे सगळे पॉइंट मी त्या घोडीनं ठरवलेल्या क्रमानं पाहिले. माझा अठरा वर्षांचा संसार त्या घोडेवाल्यानं एका वाक्यात सांगून टाकला होता, आणि वर टिप मागितली. मी दिली.

चिरंजीव मात्र दिवसभर एक अक्षर बोलले नाहीत. ठिपक्यांच्या तट्टूवर बसून ते समोर बघत राहिले. पण त्यांच्याकडं नंतर येऊ.

मी कॉमर्सचा पदवीधर. घोड्याविषयी माझं ज्ञान दोनच गोष्टींपुरतं होतं. एक, बुद्धिबळात तो अडीच घरं जातो. दोन, वास्तुशास्त्रवाल्यांच्या मते सात पांढरे घोडे धावताना दाखवणारं चित्र घरात लावलं की पैसा येतो. ते चित्र आमच्या दिवाणखान्यात नऊ वर्षं आहे, आणि माझा पगार अजूनही करारानुसारच वाढतो. तरीही घोडेवाल्याचं वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून सार्वजनिक वाचनालयातून, मुलाच्या कॉम्प्युटरवरून, मिळेल तिथून मी घोड्यांविषयी वाचत सुटलो, आणि पहिला धक्का त्या सात पांढऱ्यांच्या चित्रालाच बसला.

त्या चित्रात सर्वांत पुढं आयाळ उडवीत एक तगडा नर असतो आणि बाकीचे त्याच्यामागं धावतात. प्रत्यक्षात रानातल्या घोड्यांचं कुटुंब असं चालत नाही. एक नर, तीन-चार घोड्या आणि त्यांची शिंगरं, एवढा आटोपशीर संसार असतो. पाण्यावर कधी जायचं, कुठल्या वाटेनं जायचं, हे बहुधा एखादी जाणती घोडी ठरवते. ती चालू लागते, बाकीच्या तिच्यामागं, आणि नर सर्वांत शेवटी, मागं कुणी राहिलं नाही ना हे बघत. दादर स्टेशनवर दोन बॅगा, पाण्याची बाटली आणि लोणच्याची बरणी सांभाळत माणसं मोजत येणारा जो गृहस्थ तुम्ही पाहिला असेल, तो हाच. संकट आलं की मात्र तो मध्ये उभा राहतो. आणि घोड्यांना एखाद्या दिशेला वळवायचंच असलं, तर मान जमिनीलगत नेऊन, कान मागं पाडून, सापासारखं डोकं हलवत तो त्यांना हाकतो. हा प्रयोग मी घरी करून पाहिलेला नाही.

घोड्यांची आपसांतली मैत्री मात्र वर्षानुवर्षं टिकते. एखादा परका नर येऊन जुन्या नराला हुसकावून लावतो, घराचा मालक बदलतो, पण घोड्यांची भिशी चालूच राहते. दोन मैत्रिणी तोंडं उलट दिशेला करून शेजारी उभ्या राहतात, एकमेकींच्या तोंडावरच्या माशा शेपटीनं वारतात आणि मानेच्या बुडाशी दातांनी हलकेच खाजवतात. आपण ज्याला खरारा म्हणतो तो आपण शोधून काढलेला नाही. नेमक्या त्या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असं १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळलं.

आता मुलांचं काय होतं ते बघा. शिंगरू अकरा महिने पोटात राहून जन्माला येतं, तासाभरात उठून उभं राहतं, आणि दोन-तीन वर्षांचं झालं की घर सोडतं. मुलगीही सोडते, मुलगाही. मुलगी दुसऱ्या एखाद्या कुटुंबात जाते, त्यामुळं बापलेकींचे संबंध निसर्गच टाळतो. मुलगा कुठं जातो? तो आपल्यासारख्याच घराबाहेर पडलेल्या पोरांच्या टोळक्यात जातो.

हे टोळकं मला फार ओळखीचं वाटलं. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत आम्ही सहाजण गिरगावातल्या एका खोलीत राहत होतो. एक दोरी, त्यावर सहा टॉवेल, आणि खाली खानावळ. तिथं मला कुणाच्या पुढं किती बोलावं, कुणाचा साबण वापरला तर चालतो आणि थट्टा कुठल्या क्षणी थांबवावी, हे कळलं. घोड्यांच्या टोळक्यात नेमकं हेच चालतं. मागच्या पायांवर उभं राहायचं, एकमेकांच्या गुडघ्यांना चावायचं, पाठलाग करायचा, आणि समोरच्यानं मान वळवली की थांबायचं. ठरलेल्या जागी लिदीचा ढीग घालायचा आणि प्रत्येकानं येऊन त्याचा वास घेऊन आपली भर टाकायची. वरिष्ठ बहुधा शेवटी येतो. आमच्या शाखेतलं मस्टर याच पद्धतीनं चाले. असं दोन-तीन वर्षं धुडगूस घालून साधारण पाचव्या वर्षी तो नर स्वतःचा संसार थाटण्याच्या लायक होतो. त्याआधी कुणी त्याला मुलगी देत नाही, आणि देऊही नये. का, ते पुढं येईल.

माणसानं घोडा पाळला आणि या सगळ्याची उलथापालथ केली. उत्तम नर पागेत एकटा बांधला, घोड्या त्याच्याकडं नेल्या आणि बाकीचं वहीत लिहिलं. इंग्रजांच्या शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ १७९१ पासून छापली जाते, आणि आजच्या त्या साऱ्या घोड्यांचे बाप, आजे, पणजे शोधत गेलं की आपण पूर्वेकडून आणलेल्या तीन नरांपाशी येऊन पोचतो. या धंद्यात 'टीझर' म्हणून एक घोडा असतो. घोडी राजी आहे की नाही हे त्याला तिच्यापुढं उभं करून तपासतात. ती राजी दिसली की त्याला बाजूला काढतात आणि मोठ्या किमतीचा नर आणतात. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. कर्जाची फाइल सहा महिने मी तयार करायची, गिऱ्हाईक माझ्या टेबलाशी बसून राजी व्हायचं, आणि सही करून पेढे खायला आत साहेब! असो. त्या तीन नरांपैकी गोडॉल्फिन अरेबियन हाही आधी टीझरच होता, अशी एक आख्यायिका आहे. आख्यायिका असली तरी क्लार्क मंडळींनी ती जपून ठेवावी.

पण मला खरा नाद लागला तो एका दुसऱ्याच घोड्याचा आणि त्याच्या खातेवहीचा.

मंगोलियात एक घोडा आहे, त्याला तिथले लोक ताखी म्हणतात. बुटका, पिवळट तपकिरी, पोट फिकट, आयाळ दाढीच्या ब्रशसारखी ताठ उभी, आणि कपाळावर बट नाही. रशियाचा एक लष्करी प्रवासी होता, कर्नल प्रझेवाल्स्की. (हे नाव मी घरी आठ दिवस घोकलं. अजूनही चहा गरम असताना म्हणता येत नाही.) १८७८ साली त्याला सरहद्दीवरच्या एका ठाण्यात या घोड्याचं कातडं आणि कवटी मिळाली. १८८१ साली पोल्याकोव्ह नावाच्या शास्त्रज्ञानं त्याचं शास्त्रीय वर्णन करून त्याला त्या कर्नलचं नाव दिलं. मंगोल लोक त्याला पिढ्यानपिढ्या ओळखत होते. पण खातं उघडल्याची तारीख म्हणजे फॉर्म भरल्याची तारीख, हा नियम सगळीकडं सारखाच.

नाव झालं आणि घोड्याचे दिवस फिरले. युरोपातल्या बड्या लोकांना तो हवासा वाटू लागला. मोठा घोडा तर धरता येत नाही. मग शिंगरांच्या दिवसांत कळपामागं घोडेस्वार सोडायचे, शिंगरं थकून मागं पडली की धरायची, आणि आड येणाऱ्या थोरल्या घोड्यांना पुष्कळदा गोळी घालायची. आधी धरलेली शिंगरं मेंढीच्या दुधावर जगली नाहीत. मग माणसाळलेल्या घोड्या दाई म्हणून लावल्या. १८९९ पासून काही शिंगरं हल्लीच्या युक्रेनमधल्या आस्कानिया-नोव्हा इथं फॉन फाल्ट्स-फाइन नावाच्या जमीनदाराकडं गेली, आणि १९०१ साली हॅम्बुर्गचा प्राण्यांचा व्यापारी कार्ल हागेनबेक याच्याकडं एका दमात २८ पोचली. चार-पाच वर्षांत पन्नासच्या वर शिंगरं युरोपात जमा झाली. पुढं ती जोडीजोडीनं, कधी एकेकटी, वेगवेगळ्या प्राणिसंग्रहालयांत वाटली गेली.

आता हिशेब बघा. पन्नासच्या वर जमा. त्यातल्या किती जनावरांचा वंश आज शिल्लक आहे? अकरांचा. बाकीच्या खात्यांवर पुढं व्यवहारच झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात आस्कानिया-नोव्हाचा कळप जर्मन फौजांच्या ताब्यात सापडून संपला. युद्ध संपलं तेव्हा वीण होऊ शकेल असे घोडे म्युनिक आणि प्राग या दोनच ठिकाणी उरले होते. १९४७ साली मंगोलियात एक शिंगरी पकडली गेली. ती सोव्हिएत मार्शल व्होरोशिलोव्ह यांना नजराणा म्हणून दिली गेली आणि दहा वर्षांनी आस्कानिया-नोव्हाला आली. तिचं नाव ऑर्लित्सा तिसरी. अकरा आणि एक बारा. याखेरीज जर्मनीतल्या हाले इथं १९०६ साली एका माणसाळलेल्या मंगोल घोडीचं रक्त या घराण्यात शिरलं, ते तेरावं नाव. रानात शेवटचे ताखी १९६९ साली दिसले. त्यानंतर मंगोलियाच्या माळावर शून्य शिल्लक.

त्या हालेच्या घोडीवरून काय वाद झाला म्हणता! तिचं रक्त असलेले प्रागकडचे घोडे आणि नसलेले म्युनिककडचे, असे दोन तट पडले, आणि कैक वर्षं सोयरीक टाळली गेली. आमच्याकडच्या वधूवर सूचक मंडळांना हे सांगितलं तर त्यांना घरचंच वाटेल. गंमत म्हणजे २०१८ साली जनुकांचा अभ्यास करून काही शास्त्रज्ञ म्हणाले, की हे ताखी मुळातच कझाकस्तानातल्या बोताई इथं साडेपाच हजार वर्षांपूर्वी पाळलेल्या घोड्यांचे, पुढं रानात निसटलेल्यांचे, वंशज असावेत. ते काही सर्वांना पटलेलं नाही, वाद चालू आहे. पण ज्यांनी साठ वर्षं कुळ जपलं त्यांच्या चेहऱ्याकडं मला एकदा बघायचं होतं.

खातेवही लिहिली एर्ना मोर या बाईंनी. मूळच्या हॅम्बुर्गच्या शाळेतल्या शिक्षिका, पुढं तिथल्या प्राणिशास्त्र संग्रहालयात. सगळ्या संग्रहालयांना पत्रं लिहून, कोण कुठं जन्मला, आईबाप कोण, कधी मेला, हे त्यांनी नोंदवलं आणि १९५९ साली ती वंशावळ प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी प्रागला या घोड्यासाठी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तेव्हापासून वंशावळीचं दप्तर प्रागच्या प्राणिसंग्रहालयाकडं आहे. मी बँकेत लागलो तेव्हा आमच्याकडं अजून हातानं लिहायची लेजरं होती, लाल कापडी पाठीची. एका पैशाचा फरक आला तरी रात्री नऊपर्यंत बसून तो शोधावा लागे. त्यामुळं या बाईंविषयी मला जो आदर वाटला तो प्राणिशास्त्राचा नव्हे, टॅली करणाऱ्या माणसाचा.

पुढं १९७७ साली हॉलंडमधल्या यान आणि इंगा बाउमान या जोडप्यानं आणि त्यांच्या एका सहकारी बाईंनी या घोड्यांसाठी एक संस्था काढली. वंशावळीतल्या नोंदी कार्डांवर उतरवून ते बसले, आणि त्यांच्या लक्षात आलं की चक्रवाढ व्याज उलट्या दिशेनं चाललंय. भाऊबहिणींची, बापलेकींची वीण पिढ्यानपिढ्या. शिंगरं मरतायत, आयुष्य कमी होतंय. मग देवघेव सुरू झाली. ऐन शीतयुद्धात अमेरिकेचा घोडा सोव्हिएतकडं आणि तिकडचा इकडं.

इथं सगळ्यांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. जोड्या जुळवायच्या, संख्या वाढवायची, पेटाऱ्यात घालून मंगोलियात नेऊन सोडायचे.

पण घोडं पेंड खात होतं ते निराळ्याच ठिकाणी. संग्रहालयांत एकेकटे वाढलेले काही नर, दिसायला उत्तम, वंशावळीत अव्वल, घोडीजवळ सोडले की तिच्यावर तुटून पडत. ती कान पाडते, मान वळवते, पाय उचलते, म्हणजे काय म्हणते, हेच त्यांना कळत नसे. कारण ती भाषा त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. आई शिकवते तेवढी अर्धी. उरलेली अर्धी त्या धटिंगणांच्या टोळक्यात, गुडघे चावून घेत शिकायची असते. परक्या नरानं शिंगरं मारल्याच्या नोंदी आहेत, आणि कुंपणाच्या आत तर पळायलाही जागा नसते. पिंजऱ्याला पिंजरा लावून दोन पिढ्या वाढवल्या, खाणं वेळेवर, औषध वेळेवर, नोंद वेळेवर. वहीत सगळं बरोबर होतं आणि घोडा मात्र घोडा म्हणून वाढायचा राहून गेला होता.

हे मी वाचत होतो तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि आतल्या खोलीचं दार बंद होतं. दाराच्या फटीतून उजेड येत होता.

चिरंजीव पंधरा वर्षांचे. एकुलते एक. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. शाळा, शाळेतून क्लास, क्लासमधून ती बंद दाराची खोली. प्रगतिपुस्तकं पहिलीपासूनची मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये वर्षवार लावून ठेवली आहेत. लसीकरणाचं कार्डसुद्धा त्यात आहे. जानेवारीत माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न झालं. सगळी पोरं मांडवात धुमाकूळ घालत होती आणि हे दिवसभर भिंतीला पाठ लावून उभे. त्यांच्याच वयाच्या एका आतेभावानं "काय रे, पुतळा झालास का?" म्हणून पाठीवर थाप मारली. थट्टेनंच मारली. आमच्या चिरंजीवांनी त्याला असा ढकलला की तो खुर्च्यांवर पडला आणि त्याचा चष्मा फुटला. मग स्वतःच रडू लागले. त्या पोराला काय म्हणायचं होतं ते याला कळलंच नव्हतं. चष्म्याचे पैसे मी दिले आणि घरी आल्यावर त्याला खूप बोललो. तो ऐकत राहिला. त्या रात्री, ते पुस्तक हातात घेऊन, मला वाटलं आपण चुकीच्या माणसाला बोललो.

असो. घोड्यांकडं वळू.

बाउमान मंडळींनी केलं ते असं. हॉलंड आणि जर्मनीत मोठमोठी कुरणं कुंपण घालून राखली आणि त्यांत निरनिराळ्या संग्रहालयांतले घोडे कळपानं सोडले. नुसतं चरा आणि एकमेकांशी जमवून घ्या. १९९२ साली त्यांतले १६ घोडे विमानानं मंगोलियात उलानबातरजवळच्या हुस्ताई इथं नेले. त्याच वर्षी गोबीच्या कडेला ताखीन ताल इथंही दुसऱ्या मंडळींनी नेले. लगेच मोकळं सोडलं नाही. थंडी, गवत आणि शेजारी यांची ओळख व्हावी म्हणून कुंपणात ठेवलं, आणि हुस्ताईचे पहिले कळप १९९४ साली मोकळे झाले. सोडले ते सुटे घोडे नव्हेत, जमलेली कुटुंबं सोडली. लांडग्यांनी शिंगरं नेली, थंडीनं काही नेली. पण घोड्या शिंगरांभोवती कडं करायला शिकल्या, नर मागं चालायला शिकले, आणि रानात जन्मलेली पोरं वयात आल्यावर घर सोडून टोळकी करू लागली. टोळकी दिसली त्या दिवशी तिथल्या माणसांनी पेढे वाटले की नाही ठाऊक नाही. मी असतो तर वाटले असते. आज एकट्या हुस्ताईत तीनशेहून अधिक ताखी आहेत आणि जगात मिळून दोन हजारांच्या घरात. 'रानातून नामशेष' या वर्गातून त्याला २००८ साली 'अतिसंकटग्रस्त' आणि २०११ साली 'संकटग्रस्त' असं वर आणण्यात आलं. बुडीत कर्ज पुन्हा नियमित झाल्याचं माझ्या नोकरीत मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा मॅनेजरनं ताबडतोब बदली मागून घेतली, पुन्हा बुडायच्या आत.

आणखी एक हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८० साली सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयानं एका ताखी नराच्या पेशी गोठवून ठेवल्या. चाळीस वर्षांनी, २०२० च्या ऑगस्टमध्ये, त्या मुदतठेवीतून एक शिंगरू जन्माला आलं. अगदी हुबेहूब त्याच नराची प्रत. नाव ठेवलं कुर्ट. एवढी मोठी शास्त्राची करामत. पण पोटात वाढवलं ते माणसाळलेल्या घोडीनं, त्यामुळं त्याला ताखींचे रीतिरिवाज येईनात. मग काय केलं? कुठलं यंत्र आणलं? काही नाही. हॉली नावाची एक ताखी शिंगरी त्याच्या शेजारी आणून ठेवली. तिनं लाथा झाडून, चावे घेऊन शिकवलं.

२०२४ च्या जूनमध्ये प्रागवाल्यांनी लष्कराच्या विमानांतून कझाकस्तानच्या माळावर घोडे पाठवले. जायचे होते आठ. विमानात घोड्यानं संपूर्ण प्रवास उभ्यानं करायचा असतो, नाहीतर त्याचं रक्ताभिसरण बिघडतं. त्यातला एक खाली बसला. बसला तो बसलाच, म्हणून त्याचं जाणं रद्द झालं आणि सातच गेले. हे वाचलं तेव्हा मला माझा तूफान आठवला, आणि थोडासा मीही.

एप्रिलमध्ये घरात पेच पडला. दहावीच्या वर्षाचा उन्हाळी क्लास, फी आगाऊ भरलेली, सकाळी आठ ते एक. दुसरीकडं कोकणातून आईचा फोन: "यंदा त्याला इकडं पाठव. सगळी पोरं येणार आहेत. आठ आहेत, हा नववा." सौ. क्लासच्या बाजूला होती. मी तिला घोड्यांची सगळी हकिगत सांगितली, प्रझेवाल्स्कीपासून हॉलीपर्यंत. दोनदा नाव चुकलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही माझ्या पोराला घोडा म्हणताय का?"

मी गप्प बसलो. रात्री मात्र मी पाणी प्यायला उठलो तर ती त्या बंद दाराशी उभी होती, हात टकटक करायला वर नेलेला, आणि टकटक न करताच. सकाळी तिनंच बॅग काढली. ती पुढं गेली की मी मागून जातोच. तिकीट मी काढून आणलं.

पहिले आठ दिवस चिरंजीवांचा रोज फोन. मला इथून न्या. इथं रेंज नाही, इथं कुणी चांगलं बोलत नाही, माझी चप्पल लपवली. सौ. डोळे पुसून माझ्याकडं बघे, आणि मी भिंतीवरच्या सात घोड्यांकडं. नवव्या दिवशी फोन आला नाही. दहाव्या दिवशीही नाही. अकराव्या दिवशी आम्हीच केला. आई म्हणाली, "परवा मारामारी झाली. याचं ढोपर फुटलं, त्या थोरल्याच्या कानाला हळद लावलीय. आता बरं आहे." मी विचारलं, मारामारी कशावरून झाली? आई म्हणाली, "मला काय विचारतोस! दोघं एका ताटात जेवतायत."

"त्याला फोन दे ना जरा," सौ. म्हणाली.

"तो कुठला असायला! सगळे विहिरीवर गेलेत. कमरेला सुकड बांधून उडी मारायला शिकवतायत त्याला. संध्याकाळी कर."

संध्याकाळी केला. तेव्हा ते सड्यावर गेले होते.

क्लासवाल्यांनी फी परत दिली नाही. पावतीच्या मागं बारीक अक्षरात तसं छापलेलंच होतं; आमच्याच बँकेच्या फॉर्मवर असतं तितकंच बारीक. ती रक्कम मी घरच्या वहीत बुडीत खाती टाकली, आणि पुढच्या ओळीत विहिरीसाठी नवीन चड्डी, दोन नग, अशी नोंद केली.